पहिल्या फेरीचे मानपत्र

इंदूर,
९ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव अबोलीस अच्युतदादाचे आशीर्वाद.

पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिरंजीव म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण मामेबहीण कितीही वाढली तरी धाकटीच राहते, असा आमच्याकडचा शास्त्रार्थ आहे.

फोन तू उचलत नाहीस. कोइम्बतूरच्या त्या अकॅडमीत सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या पोरांना चेंडू फेकून मारत असतेस, असं मामा सांगतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर म्हणतेस, 'दादा, तुझा मेसेज म्हणजे निबंध असतो.' तेव्हा जुनाच मार्ग. तू देशोदेशी स्पर्धा खेळत हिंडायचीस तेव्हा मी तुला हॉटेलांच्या पत्त्यांवर पत्रं धाडायचो, आठवतं? निम्मी परत यायची. पत्र ताश्कंदला पोचेपर्यंत तू पहिल्या फेरीत हरून पुढच्या गावाला निघालेली असायचीस. तुझ्याशी स्पर्धा करून नेमानं हरलेलं असं पोस्टखातं एकच माझ्या पाहण्यात आहे.

आता काम. आपल्या स्नेहवर्धक मंडळाचा अमृतमहोत्सव आहे. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात, १८ जानेवारीला, समाजाचं नाव उजळणाऱ्या तिघांचा सत्कार ठरला आहे. एक हृदयाचे डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक तू. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र संस्कृतात असावं हा मंडळाचा स्थापनेपासूनचा दंडक आहे, आणि ते कुणाला कळू नये हा त्याचा अलिखित उत्तरार्ध. लोक आवाजाच्या चढउताराकडे लक्ष ठेवून टाळ्या वाजवतात. गेली कित्येक वर्षं हे श्लोक मी रचतो आणि मीच वाचतो. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला इंदूर शहरात एवढी एकच जागा उरली आहे, तीवर मी घट्ट बसून आहे.

सचिव श्रीकृष्णजी यांनी तुझी माहिती लिहून पाठवली: 'विम्बल्डन खेळलेली इंदूरची एकमेव मराठी कन्या.' दिवाकरमामांनीच सांगितलं म्हणे. मामांच्या हॉलमधला फोटो मी पाहिला आहे, विम्बल्डनच्या फाटकाशी तू उभी, खांद्यावर रॅकेटची बॅग. पण फाटकाच्या आत काय झालं हे तू कधी बोलली नाहीस. तेव्हा साल, फेरी आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव कळव. नाव लहानसं असेल तर बरं, श्लोकात बसवायचं आहे.

तुझा दादा,
अच्युत

*

कोइम्बतूर,
१८ नोव्हेंबर

अच्युतदादा,

विम्बल्डन मी खेळलेले नाही. तिथल्या पात्रता फेरीतसुद्धा नाही. त्यासाठी जेवढं रँकिंग लागतं त्याच्या जवळपास मी कधी पोचले नव्हते. माझं सगळ्यात चांगलं रँकिंग सहाशेच्या आसपास होतं, तेही एक सीझन. मी सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धा खेळले. ताश्कंद, बिश्केक, इस्लामाबाद, कोलंबो, लागोस. कोलंबोला एकदा डबल्स जिंकले. मग खांदा गेला. बस. याला करिअर म्हणायचं तर म्हण.

फोटोचं सांगते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एका बारक्या गावात स्पर्धा होती. पहिल्याच दिवशी हरले. परतीच्या विमानाला वेळ होता म्हणून लाइनमध्ये लागून तिकीट काढलं आणि विम्बल्डनचे सामने बघायला गेले. सामान ठेवायला जागा नव्हती म्हणून बॅग खांद्यावर. एका बाईनं फोटो काढून दिला. मी तो बाबांना पाठवला आणि मागे काही लिहिलं नाही.

बाबा काय सांगत फिरतात ते मला ठाऊक आहे. इंदूरला आपल्या रजतच्या लग्नात एक काकू मला म्हणाल्या, 'बेटा, वहाँ की घास पे पैर फिसलता है क्या?' मी पाणी प्यायला उठले आणि परत तिथे गेलेच नाही. तू विचारतोस ना मी इंदूरला का येत नाही. हे त्याचं उत्तर. माझ्या बापाला मी जशी खेळले तशी पुरली नाही, म्हणून त्यांनी दुसरी मुलगी बनवली. ती विम्बल्डन खेळलेली. तिलाच बोलवा स्टेजवर.

मी येणार नाही. पण एक ऐक. त्यांना खोटं पाडू नकोस. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चार लोकांत तर नाहीच नाही.

अबोली

*

इंदूर,
३० नोव्हेंबर

चि. अबोलीस,

तुझं पत्र वाचलं. मागच्या पत्रातली थट्टा परत मागवावी म्हणतो, पण पोस्टखातं या वेळी नेमकं जिंकलं.

रविवारी विजय नगरला मामांकडे गेलो. तुझ्या पद्मजावहिनीनं बजावून पाठवलं होतं की हळू बोला, मामी असत्या तर गोष्ट वेगळी. मी वाटेत वाक्यं जुळवत गेलो. 'मामा, कोइम्बतूरहून पत्र आलं आहे,' इथपासून सुरुवात करणार होतो. दार उघडलं तर मामा नव्या बंद गळ्याच्या कोटात उभे. शिंप्याकडून तेवढ्यात आला होता. मला मागून पुढून फिरून दाखवला. हॉलमधला तुझा फोटो नव्या चौकटीत. तू येत नाहीस हे त्यांना तुझ्या फोनवरून कळलेलं होतं, आणि त्यांनी उपायही काढून ठेवला होता.

म्हणाले, "ती येत नसेल तर तिच्या वतीनं मी घेतो. मुलीचं नाव पुकारलं जाईल आणि स्टेजवर कुणीच नाही, बरं दिसत नाही."

मग चहा झाला. सत्य जसं नेलं होतं तसंच परत घेऊन आलो.

परिस्थिती अशी आहे. विम्बल्डन लिहिलं तर माझ्या नावानं खोटं लिहिलं जाईल आणि तुला ते चालणार नाही. नाही लिहिलं तर मामा चार लोकांत खोटे पडतील आणि तेही तुला चालणार नाही. पारसनीसांच्या घराण्याला हा पेच नवा नाही. तुझे पूर्वज होळकरांच्या दरबारात फारसी पत्रं लिहायचे, राजाला पडसं झालं तर 'मेघ गर्जले' असं कळवायचे. पण मी पारसनीसांचा नुसता भाचा. मला दोन्ही बाजू राखणारा तिसरा रस्ता शोधायला हवा होता, आणि तो मला सापडला आहे. काय, ते विचारू नकोस. तू तुझी पोरं सांभाळ.

अच्युतदादा

*

कोइम्बतूर,
११ डिसेंबर

दादा,

तुझे रस्ते मला माहीत आहेत. लहानपणी तू मला क्लबचा शॉर्टकट दाखवला होतास आणि आपण दोघं नाल्यात उभे होतो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. आमच्या त्या छोट्या स्पर्धांत रेषेवर पंच नसायचे. ज्याची बाजू त्यानं सांगायचं, चेंडू आत पडला की बाहेर. समोरचीनं मारलेला चेंडू माझ्या रेषेला नखाएवढा लागला तरी मला 'आत' म्हणावंच लागायचं, आणि तिथे मला सोडून दुसरं कुणी बघत नसायचं. मातीच्या कोर्टावर तरी खूण राहते, समोरची येऊन बघू शकते. सिमेंटवर काहीच राहत नाही. कित्येक मुली खोटं सांगायच्या. मी नाही सांगितलं. बिश्केकला शेवटचा गुण असा गेला. बाहेर म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं आणि मी कदाचित दुसऱ्या फेरीत गेले असते.

माझ्याकडे एवढंच आहे. म्हणून ते विम्बल्डन मला टोचतं. माझ्या बाजूला पडलेला चेंडू दुसरंच कुणी पुकारतंय असं वाटतं.

जे काय करशील ते जपून कर. प्लीज.

अबोली

*

इंदूर,
२० जानेवारी २०२६

प्रिय अबोली,

समारंभ व्यवस्थित पार पडला. हॉल भरलेला होता. तिळगूळ चांगला होता. मामांनी तुझ्या वतीनं शाल आणि श्रीफळ स्वीकारलं. मानपत्रात विम्बल्डनचा उल्लेख नव्हता आणि त्याबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांची तब्येत ठीक आहे. इकडे थंडी आहे. पद्मजाचा नमस्कार.

अच्युत

*

कोइम्बतूर,
२८ जानेवारी

दादा,

काय झालं?

तुझं पत्र पोस्टात उघडून कुणी दुसरंच भरलं का? मला 'प्रिय' म्हणालास. हवामान कळवलंस. एकही टोमणा नाही. तू मला असं पत्र फक्त आई गेली तेव्हा लिहिलं होतंस.

बाबांना रोज फोन करते. 'बरं आहे' म्हणतात आणि ठेवून देतात. काल मात्र मधेच म्हणाले, "ताश्कंदला थंडी होती का गं?" मी काही बोलायच्या आत फोन बंद. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकाही गावाबद्दल विचारलेलं नाही. ताश्कंदचं नाव त्यांना कुणी सांगितलं?

खरं लिही. परिच्छेद चालतील.

अबोली

*

इंदूर,
४ फेब्रुवारी

अबोली,

लिहितो. तीन कागद फाडून झाले.

माझा तिसरा रस्ता असा होता. मानपत्र कुणाला कळत नाही, मग त्यात खरं लिहायला हरकत काय? तुला धाडलेली, परत आलेली पत्रं माझ्याकडे अजून आहेत. त्यांच्यावरची गावं घेतली आणि एकेका गावावर एकेक श्लोक केला. कुठे हरलीस, कितव्या फेरीत, सगळं खरं. विम्बल्डन नाही, म्हणून तू समाधानी. लोकांना घनगंभीर संस्कृत ऐकू येणार, म्हणून मामा समाधानी. आणि सगळ्या सभागृहाच्या देखत मी खरं बोललो हे कुणालाच कळणार नाही, म्हणून मी समाधानी. मला ही युक्ती इतकी आवडली की पद्मजालाही सांगितली नाही. ती म्हणाली असती, करू नका.

पहिला श्लोक देतो.

ताश्कन्दे प्रथमे चक्रे पराभूता पुनः पुनः ।
तथापि प्रययौ बाला श्वः क्रीडेयमिति ध्रुवम् ॥

ताश्कंदला पहिल्याच फेरीत पुन्हा पुन्हा हरली, तरीही पोर निघाली, उद्या खेळेन म्हणत. प्रत्येक श्लोकाची बांधणी हीच ठेवली. गाव तेवढं बदलायचं. 'पराभूता पुनः पुनः' हे पालुपद. कानाला फार गोड लागतं. तेच नडलं.

मामा स्टेजवर मधल्या खुर्चीत. नवा कोट, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मी माइकवर. ताश्कंदची पहिली ओळ झाली, 'पुनः पुनः' वर मी नेहमीसारखा आवाज चढवला आणि श्रीकृष्णजींनी टाळी दिली. मागोमाग सगळा हॉल. पुढची ओळ, तू निघालीस ती, टाळ्यांत वाहून गेली. बिश्केकला तेच. लागोसला तर लोक पालुपदाची वाटच पाहत होते, काही जण माझ्याबरोबर म्हणू लागले. चारशे माणसं हसतमुखानं टाळ्या वाजवत 'पराभूता पुनः पुनः' म्हणताहेत. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण माझ्या श्लोकांना असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. हे लिहिताना पेन जड होतं आहे, पण तू खरं लिही म्हणालीस.

मग माझी नजर मामांकडे गेली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते पहिल्या श्लोकाच्या वेळचं होतं, तसंच राहून गेलेलं. डोळे माझ्यावर होते. टाळ्या झाल्या की ते हात जोडत होते. नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवत होते.

अबोली, त्यांना कळत होतं.

आणि मला ठाऊक असायला हवं होतं. ते इंदूरबाहेर हातोदच्या बँकेत होते तेव्हा सुट्टीच्या दिवसांत मला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे. त्या रस्त्यावर त्यांनीच माझ्याकडून 'देवः देवौ देवाः' म्हणून घेतलं होतं. मॅट्रिकला त्यांचं संस्कृत होतं, उत्तम होतं. मला या भाषेतला पहिला शब्द ज्या माणसानं शिकवला, त्यालाच ती कळणार नाही असं धरून मी श्लोक रचले. पुढे माझं नाव झालं, त्यांचं संस्कृत मी विसरून गेलो. विद्वान माणसंच असा गाढवपणा करतात, साध्या माणसाला तो सुचत नाही.

कार्यक्रम संपल्यावर खाली उतरताना मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी धरू दिला. स्कूटरवर म्हणायचे तेच म्हणाले:

"उच्चार स्वच्छ आहेत हो तुझे."

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेलो नाही. विजय नगरला जाणाऱ्या बसमध्ये दोनदा चढलो आणि अर्ध्या वाटेवर पलासियालाच उतरलो.

अच्युत

*

कोइम्बतूर,
११ फेब्रुवारी

अच्युतदादा,

चार लोकांत नको म्हटलं होतं. तू चारशे लोकांत केलंस आणि वर टाळ्या घेतल्यास.

तुला रागावून लिहिलेलं एक पत्र इथे टेबलावर आहे, ते पाठवत नाही. त्यातलं सगळं तू स्वतःच लिहून बसला आहेस.

हारणं मला नवीन नाही. पण माझ्या हारण्यावर माझ्या बापानं हात जोडावेत, ते मला बघवत नाही, आणि मी तर तिथे नव्हतेसुद्धा. खुर्ची माझी होती. मी आले असते तर ते मी ऐकलं असतं, त्यांनी नाही. हे तुझ्या एकट्याचं नाही.

त्यांच्याकडे जा. माफी मागू नकोस, ती त्यांना परवडणार नाही, 'अरे त्यात काय' म्हणतील आणि विषय मिटवतील. नुसता जा आणि बस. या वेळी पलासियाला उतरू नकोस.

अबोली

*

इंदूर,
२३ फेब्रुवारी

चि. अबोलीस,

गेलो. मामांनी दार उघडलं, आत जाऊन मानपत्राची चौकट घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, परत देताहेत. म्हणाले, "वाच. सावकाश. त्या दिवशी टाळ्यांत ऐकू आलं नाही."

मी वाचलं. त्यांनी प्रत्येक गावापाशी थांबवलं. हे कुठे आलं? तिथे कशी गेली, विमानानं की गाडीनं? एकटीच? मला माहीत होतं तेवढं सांगितलं, ते फार थोडं होतं. म्हणाले, तू फोनवर 'हरले बाबा' म्हणायचीस आणि ठेवायचीस, आणि ते विचारायचे नाहीत, कारण विचारलं तर तुला लागेल. दुसरी ओळ आली तेव्हा त्यांनी ती दोनदा म्हणायला लावली. 'श्वः क्रीडेयम्.'

मला वाटलं, निभावलं. पण जाताना म्हणाले, उद्या सकाळी बगीच्यात ये, फिरणाऱ्या मंडळींना मला काही सांगायचं आहे, साक्षीला कुणी हवं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "तू स्टेजवर खरं बोललास ते कुणाला कळलं नाही. मी बाकावर बोलतो, ते कळेल."

सकाळी गेलो. ती मंडळी तुला माहीत आहेत. फेऱ्या झाल्या की सगळे एका बाकाभोवती जमतात आणि मग पोहे-जलेबीला निघतात. मामा उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. माझी मुलगी विम्बल्डन खेळलेली नाही, ती बघायला गेली होती, इतकी वर्षं मी आपल्याला चुकीचं सांगितलं. हिंदीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं.

लोक आपापल्या बुटांकडे पाहू लागले. शेवटी बंडूभिया, तेच, चौथ्या मजल्यावरचे, जे मामांना रोज पेपर आणून देतात, ते उठले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले:

"अरे दिवाकरजी, ये तो अपन को सालों से मालूम है. मोबाइल पे सब दिखता है भिया. चलो, पोहे ठंडे हो जाएँगे."

त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. सगळेच चांगल्या मनानं हसले. मामाही हसले. पोहे खाल्ले, जलेबी नको म्हणाले. घरापर्यंत मी सोबत होतो. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांनी बटण दाबलंच नाही. म्हणाले, "म्हणजे मी सांगायचो तेव्हा ते सगळे मला सांभाळून घेत होते."

सांभाळून घेण्यात माझा क्रमांक तर पहिला होता.

त्या दिवसापासून ते बगीच्यात गेलेले नाहीत. बूट दाराबाहेरच्या कपाटात ठेवून दिले आहेत. बंडूभिया पेपर दाराशी टाकून जातात, बेल वाजवत नाहीत. पद्मजा डबा घेऊन जाते, मी भाजी घेऊन जातो, आणि आम्ही टीव्हीवर काहीतरी बघत बसतो. संस्कृत बोलत नाही.

मला शरम वाटते म्हणून लिहू, तर ती तुझ्या काय कामाची? तुला लिहितो एवढ्यासाठी की आता मला कोणताही रस्ता सुचत नाही, आणि ते कळवण्याइतपत अक्कल आली आहे.

अच्युतदादा

*

इंदूर,
२५ फेब्रुवारी

चि. अबोलीस बाबांचे आशीर्वाद.

अच्युतने सर्व कळवले असेलच. त्याला फार बोलू नकोस. त्याने श्लोक चांगले केले आहेत. मोठ्याने वाचायला नको होते, इतकेच.

तुला काही सांगायचे आहे, ते फोनवर जमत नाही. तू खेळणे सोडून परत आलीस त्या वर्षी लोक मला विचारीत, 'आखिर टेनिस का हुआ क्या?' मी फोटोकडे बोट दाखवीत असे. लोक गप्प बसत. सुरुवातीला मी तोंडाने काही म्हणालो नाही. पुढे कुणी तरी ते म्हणाले आणि मी नाही म्हटले नाही. पुढे मीच म्हणू लागलो. मला वाटले, यामुळे तुला कुणी काही विचारणार नाही. तू घरी येणे बंद केलेस ते यामुळे, हे माझ्या ध्यानात आले नाही. मला वाटले, तुला कामे असतात.

तू जशी खेळलीस तशी मला पुरली नाही, असे तू अच्युतला लिहिलेस. पत्र त्याने दाखवले नाही, पण मी विचारल्यावर त्याला लपवता आले नाही. अबोली, तू जशी खेळलीस ते मला ठाऊकच नव्हते. मी कधी विचारले नाही. ती चूक माझी. माझी लाज माझ्याबद्दल आहे, तुझ्याबद्दल कधी नव्हती.

फोटो भिंतीवरून काढलेला नाही. खाली कागद चिकटवला आहे, 'अबोली, सामने बघायला गेली तेव्हा'.

आता विचारतो. मी बगीच्यात जाऊ शकत नाही. बूट घालतो आणि काढून ठेवतो. ते सगळे चांगले लोक आहेत, काही बोलणार नाहीत, म्हणूनच जाववत नाही. तुला तर हे पुष्कळदा करावे लागले असेल. हरल्यावर दुसऱ्या दिवशी तू बाहेर कशी जात असस? त्याची काही रीत असेल तर कळव.

तुझे,
बाबा

*

कोइम्बतूर,
४ मार्च

बाबा,

तुम्ही विचारलंत ते मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात जिंकायचं कसं, आणि ते मला नीट सांगता येत नाही. हे येतं.

सकाळी उठल्यावर विचार करायचा नाही, आधी बूट घालायचे. घातले की काढायचे नाहीत. फाटकातून आत शिरलं की ज्यांच्यासमोर हरलो ते सगळे तिथेच असतात, चहा पीत. त्यांना चुकवून जायला दुसरी वाट शोधायची नाही, मी शोधून पाहिली आहे, नसते. त्यांच्या बाजूनंच जायचं. मान हलवायची. ते पण हलवतात. मग आपल्या कोर्टावर जाऊन पहिला चेंडू मारायचा. तो वाईट जातो. दुसरा बरा जातो. सगळ्यात वाईट तेवढं फाटकापासून कोर्टापर्यंतच असतं.

अकॅडमीतून सुट्टी घेतली आहे. पुढच्या रविवारी पोचते. अच्युतदादाला स्टेशनवर येऊ द्या, त्याला काहीतरी काम हवं आहे. सोमवारी सकाळी आपण बगीच्यात जाऊ. मी शेजारी असेन, पण आत आधी तुम्ही शिरायचं. बंडूकाका पोह्यांना चला म्हणाले तर हो म्हणा, आणि जलेबी पण घ्या. रजतच्या लग्नातल्या काकू भेटल्या आणि त्यांनी विम्बल्डनच्या गवताचं विचारलं तर त्यांच्याशी मी बोलीन.

आणि हो. ताश्कंदला फार थंडी होती. वॉर्मअप करताना आम्ही हातात मोजे घालायचो, पायातले. आल्यावर सगळं सांगते, एकेका गावाचं.

अबोली